निशाणी अंगठा

नाशिकला जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या परिसरात, ज्या अरुंद गाळ्यात बसून मी गेली बावीस वर्षे खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि कुलमुखत्यारपत्रे टंकलिखित करीत आले आहे, त्या गाळ्यात एका हक्कसोडपत्राचे तिसरे पान चालू असताना माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जी कळ उठली, तिला मी त्या दिवशी कळ असे नावही दिले नाही. पक्षकार समोर उभे होते, दुय्यम निबंधकांकडील वेळ ठरलेली होती, आणि पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस गाडीरस्ता असा चतुःसीमेचा मजकूर अर्धवट टाकून हात चोळीत बसण्याची मुभा आमच्या धंद्यात कुणालाच नसते. दस्त पुरा झाला, नोंदला गेला, आणि मी घरी जाऊन कणीक मळू लागले तेव्हा परातीच्या काठावरून हात असा सुटला, की जणू तो माझा नव्हताच.

टंकलेखन शिकताना आठ बोटांना अक्षरे वाटून दिली जातात. अंगठ्याच्या वाट्याला अक्षर येत नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागा तेवढी त्याच्याकडे असते. दस्ताच्या पानावर शब्द चारशे धरले आणि दिवसाची पाने पंचवीस, तर माझा अंगठा त्या लांब कळेवर रोज दहा हजार वेळा पडत होता, हा हिशेब मी केला तो दुखणे जडल्यानंतर सहा महिन्यांनी. तोवर कुलपात किल्ली फिरेना, ओला टॉवेल पिळवेना, आणि भरलेली कढई उचलताना डाव्या हाताला हाक मारावी लागे. आंबेहळदीचा लेप झाला, मोहरीचे तेल झाले, एका हाडवैदाकडे जाऊन हात ओढून घेणेही झाले, आणि त्या ओढण्याने पुढचे आठ दिवस झोप उडाली. ज्या गृहस्थांकडे मी पानामागे दराने काम करते, त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, की लिहिण्याने कुणाचा हात मोडल्याचे आपण कधी ऐकले आहे काय. मला उत्तर देता आले नाही. या लेखाचे बीज त्या निरुत्तर होण्यात आहे.

अखेर ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले त्यांनी चित्र काढून समजावले. मनगटाला आपण सांधा म्हणतो, पण त्याचे खरे स्वरूप घाटाचे आहे. बोटे हलवणारे बहुतेक बलवान स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, हाताच्या पोटरीत राहतात. तेथून निघालेल्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, आठ लहान हाडांच्या या घाटातून खाली उतरून बोटांना जाऊन मिळतात. कसाऱ्याच्या घाटात एक मालमोटार अडली की इगतपुरीपर्यंत रांग लागते, मनगटाचेही तसेच. अंगठा वर आणि बाजूला उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एकाच अरुंद बोगद्यातून जातात. त्या रात्रंदिवस घासल्या की बोगद्याचे अस्तर जाड होते, वाट आणखी अरुंद होते, आणि प्रत्येक हालचाल म्हणजे एक घर्षण होऊन बसते. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली या व्याधीचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या दिशेला वाकवली की जी विद्युत्कळ उठते तीच तिची खूण. माझ्या बाबतीत डॉक्टरांना ती परीक्षा पुरी करावीच लागली नाही.

तळहाताच्या बाजूचा बोगदा निराळा. त्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. तेथे दाटी झाली म्हणजे अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अर्धी अनामिका यांना रात्री मुंग्या येतात, माणूस उठून हात झटकतो, आणि दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झिजत जातो. आपल्याकडे या दोन्ही व्याधींना ‘वात’, ‘लचक’, ‘नस चढली’ या तीन शब्दांत गुंडाळण्याची वहिवाट असल्यामुळे योग्य उपचार महिनोन्‌महिने लांबतात. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गर्भारपण यांतही रात्रीच्या या मुंग्या येतात, आणि मनगटातील मज्जातंतूचा विचार केला तर कळफलकापेक्षा जोराने पकडण्याचे व कंपन पावणाऱ्या हत्याराचे काम त्याला कितीतरी अधिक घातक असते. म्हणजे माझ्यापेक्षा अधिक हानी सोसणारे हात या जिल्ह्यात असणार, हे डॉक्टरांच्या खोलीतच माझ्या ध्यानात आले होते. ते हात पाहण्याची बुद्धी मात्र नंतर झाली.

पर्याय म्हणून डॉक्टरांनी जे सांगितले ते असे, की सहा आठवडे अंगठा पट्ट्यात बांधून विश्रांती द्यावी. तेवढ्याने न भागल्यास त्या बोगद्यात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन द्यावे, ज्याने पुष्कळांना आराम पडतो, मात्र मधुमेह असल्यास साखर काही दिवस वाढते आणि टोचल्या जागची कातडी कधी फिकी पडते. आणि तेही निष्फळ ठरल्यास जागा बधिर करून बोगद्याचे छत चिरून मोकळे करावे. शस्त्रक्रिया लहान आहे, फक्त शेजारून जाणारी संवेदनेची एक नाजूक शीर जपावी लागते. हे सर्व त्यांनी शांतपणे सांगितले आणि शेवटी, जाता जाता, म्हणाले, “आणि शक्य असेल तर काम बदला.” पानामागे दराने जगणाऱ्या माणसाला सहा आठवड्यांची विश्रांती म्हणजे सहा आठवड्यांचे अन्न, ही गोष्ट त्या चिठ्ठीवर कोठे लिहावी, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

मी मग डाव्या हाताचा आश्रय केला. लांब कळ डाव्या अंगठ्याने दाबण्याचा सराव पंधरवड्यात जमला आणि मला वाटले, सुटले. त्याच सुमारास रामाझिनीविषयी वाचनात आले. बर्नार्दिनो रामाझिनी हा इटलीतील वैद्य. १७०० साली मोदेना येथे त्याने निरनिराळ्या व्यवसायांतून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १७१३ साली तो वाढवून पुन्हा काढला. त्यात लेखनिक आणि नोटरी यांच्या व्याधींचे स्वतंत्र प्रकरण आहे. सतत बसणे, हात एकाच दिशेने अखंड चालवणे, आणि चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण, ही तीन कारणे त्याने दिली आहेत; तीनशे वर्षांनंतर माझ्या गाळ्यातील कारणे मोजली असता तीही तीनच भरतात. त्याच्या ओळखीतला एक नोटरी होता. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला. आणि फार काळ लोटला नाही तोच डाव्या हातालाही त्याच व्याधीने गाठले. माझ्याच धंद्यातल्या त्या अनोळखी माणसाची हकीकत वाचून मी कळफलकावरून दोन्ही हात उचलले.

या मनःस्थितीत असताना पेठ तालुक्यातील एक बाई वडिलार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रासाठी आमच्याकडे आली. सही येत नव्हती. दस्ताच्या शेवटी निशाणी डाव्या हाताचा अंगठा. नोंदणी कार्यालयात यंत्रावर ठसा उमटत नव्हता, म्हणून तेथल्या कारकुनाने तिचे मनगट धरून अंगठा जरासा वळवला, आणि त्या बाईने श्वास आत ओढला. तो श्वास मी ओळखला. बाहेर आल्यावर माझ्या हाताचा पट्टा तिने पाहिला आणि माझ्या अंगठ्याच्या मुळावर, नेमक्या त्याच बिंदूवर, बोट ठेवून ती म्हणाली, “ताई, तुमचंबी इथंच?” तिचे दोन्हीकडे होते. उजव्यात कात्री, डाव्यात घड. ती दिंडोरीकडे द्राक्षांच्या विरळणीला जाते.

पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ तालुक्यांतून भाताचे काम आटोपले की माणसांचे लोंढे दिंडोरी आणि निफाडच्या बागांकडे उतरतात, हे नाशिककराला सांगावे लागत नाही. पण त्या माणसांचे हात तेथे नेमके काय करतात, हे मला जन्मभर येथे राहूनही माहीत नव्हते. डिसेंबरात एका रविवारी तिच्या टोळीबरोबर मी बागेत गेले. द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलात काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरात फळासाठी. ऑक्टोबरच्या छाटणीपासून जे काम सुरू होते ते मार्चपर्यंत हाताला उसंत देत नाही: डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावणे, नको असलेल्या फुटी काढणे, शेंडे खुडणे, मग विरळणी, मग घड बुडवणे, मग मणी गुलाबी पडू नयेत म्हणून प्रत्येक घडाला कागद बांधणे, आणि शेवटी काढणी.

विरळणी म्हणजे घडातल्या दाटीतून नेमके मणी व पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या लहान फांद्या, कापून उरलेल्यांना फुगायला जागा करून देणे. लहान टोकदार कात्री, डोक्याच्या वर मांडव, मान मागे टाकलेली, दोन्ही कोपरे खांद्यांच्या वर. डावा हात घड खालून धरून फिरवीत राहतो, उजवा अंगठा कात्री मिटतो आणि उघडतो. मी एका घडाला लागणारे कात्रीचे मिटणे मोजू लागले आणि चाळिसाच्या पुढे मोजणे सोडले, कारण तिने दुसरा घड हाती घेतला होता. त्या टोळीत मजुरी एकराच्या ठेक्यावर ठरली होती. बाग जितकी लवकर संपेल तितकी दिवसाची कमाई अधिक, म्हणून कुणी हात खाली घेत नाही; आणि बागाईतदाराला घाई असते, कारण मणी रोज वाढत असतो आणि दाटीत कात्री शिरेनाशी होण्यापूर्वी विरळणी उरकावीच लागते. त्या बागेचा मालक निर्दय माणूस नव्हता. त्याने मला चहा दिला, कर्जाची आणि अवकाळी पावसाची कैफियत सांगितली, आणि बायकांच्या हातांविषयी मी विचारले तेव्हा खरोखर अचंबित होऊन म्हणाला, की या प्रश्नावर आजवर कुणी बोललेच नाही.

घड बुडवण्याचे काम पाहिल्यावर मला अधिक वाईट वाटले. जिबरेलिक ॲसिडचे, बागेतल्या भाषेत ‘जीए’चे, द्रावण मगात घेऊन प्रत्येक घड त्यात बुडवायचा आणि हलकेच झटकायचा, भरलेला मग अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत दिवसभर डोक्याइतक्या उंचीवर धरलेला. ओले मनगट, थंडीची सकाळ, आणि तीच पकड. निर्यातीच्या द्राक्षांसाठी २००६ सालापासून ‘ग्रेपनेट’ नावाची व्यवस्था आहे. तीत बागेची नोंद होते, कीडनाशकांचे उर्वरित अंश प्रयोगशाळेत तपासले जातात, आणि युरोपातील दुकानात पोहोचलेल्या पेटीवरून मूळ बागेपर्यंत माग काढता येतो. ही व्यवस्था उत्तम आहे आणि आपल्या शेतकऱ्यांनी ती कष्टाने पाळली आहे. त्या पेटीतला प्रत्येक घड ज्या हातांतून चार-पाच वेळा गेला, त्या हातांची नोंद मात्र मुकादमाच्या वहीत ‘बायका १२’ एवढीच असते.

कायद्याकडे वळले ते मी सवयीने; आयुष्य दस्तांत गेल्यामुळे कोणत्याही दुःखाला एखादे कलम असेल अशी माझी समजूत होती. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत शरीराचे भाव लिहिलेले आहेत: अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरावे, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्राच्या दाबाखाली बोट गमावलेल्या माणसाला ही अनुसूची काहीतरी देते, आणि ते आवश्यकच आहे. पण जो अंगठा जागेवर आहे आणि अर्धवटच चालतो, त्याच्यासाठी तीत ओळ नाही. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग आहेत: शिसे, पारा, फॉस्फरस, आर्सेनिक, कापसाच्या धुळीचा दमा, गोंगाटाने येणारे बहिरेपण, अतिउंच पर्वतावरील फुप्फुसविकार. मनगट नाही. यादीबाहेरच्या रोगाला भरपाई हवी असेल तर तो कामावरील एखाद्या विशिष्ट अपघाताच्या इजेतून थेट उद्भवला, असे सिद्ध करावे लागते. आणि आमचा अपघात तर रोज दहा हजार लहान लहान तुकड्यांत घडलेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा जुना कायदा सामावला गेला, तेव्हा ती यादी जवळजवळ तशीच पुढे आली.

हे अज्ञानामुळे झाले असे म्हणता येत नाही. इंग्लंडात १९०८ सालीच तारायंत्रावर बोटे चालवणाऱ्यांच्या हाताचे आखडणे भरपाईस पात्र रोगांत दाखल झाले होते, आणि आपला कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, त्याच सरकारच्या अमलात, झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० सालच्या यादीत तर माझी व्याधी आणि तळहाताच्या बोगद्याची व्याधी या दोन्ही, कारणांसकट, नमूद आहेत.

कारखान्यातल्या माणसाला निदान कर्मचारी राज्य विमा आहे, असे मला वाटे; दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येतो. माझा एक मामेभाऊ जुळणीच्या कामावर वायुदाबाच्या पेचकसाने दिवसभर स्क्रू आवळतो. त्याचा हात रात्री बधिर होऊ लागला तेव्हा त्या योजनेतील एक फरक मला कळला, जो प्रत्येक कामगाराला ठाऊक असावा. दुखण्याची नोंद आजार म्हणून झाली तर रोजाच्या ७० टक्के लाभ, तोही वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरील इजा म्हणून झाली तर ९० टक्के, आणि तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत. मनगट तेच, पेचकस तोच. दाखल्यावरच्या एका शब्दाने घरातले अन्न बदलते. माझ्या भावाचा दाखला आजाराचा झाला. बागेतल्या टोळीला तर या दोन शब्दांपैकी एकही नाही, आणि सिन्नरला घरी बसून हजारामागे दराने विड्या वळणाऱ्या बायका, ज्यांच्यासाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला होता, त्यांचा अंगठाही या यादीच्या बाहेरच पाने वळत राहतो.

या सगळ्या भ्रमंतीत ज्या एकाच ठिकाणी मला मनगटाविषयीचे ज्ञान शाबूत आढळले, ते जुन्या नाशकातल्या तांबट आळीत. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एके काळी घरोघर गेली. आता ठोक्यांचा तो नाद विरळ झाला आहे. सत्तरी ओलांडलेल्या एका कारागिराला मी विचारले, की उभा जन्म हातोडा चालवूनही तुमचे मनगट कसे टिकले. त्यांनी हातोडा माझ्या हाती दिला. मी दांडा घट्ट धरला, तेव्हा त्यांनी माझी बोटे एकेक करून सैल केली. “हातोडा मारायचा नसतो, बाई. उचलायचा आणि पडू द्यायचा. पत्राच त्याला परत वर पाठवतो.” दांड्याला गुंडाळलेली चिंधी, ठोकाई आणि झळाई यांची आलटापालट, भट्टी तापेपर्यंतचा विसावा, हे सर्व त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. त्या विद्येचा मी घरी येऊन बराच विचार केला. ती टिकली याचे कारण कामाची गती त्यांच्या घरची होती; कुणी मुकादम शेजारी उभा राहून एकर मोजीत नव्हता, आणि माझ्यासारखा दुय्यम निबंधकांकडील वेळेचा काटाही नव्हता. कात्रीला रोज सकाळी धार लावणे, सैल स्प्रिंगची कात्री देणे, दुपारनंतर विरळणीच्या बाईला फुटी काढण्यास पाठवणे, ठेक्याऐवजी रोज ठरवणे, या काही अशक्य गोष्टी नाहीत. बोथट कात्रीला किती जोर लागतो हे मी हातात घेऊन पाहिले आहे. पण हे पर्याय देणाऱ्याच्या हाती आहेत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी मात्र घेणाऱ्याच्या हाती पडते.

माझ्यापुरते सांगायचे तर मी इंजेक्शन घेतले. तिसऱ्या आठवड्यात अंगठा हलका झाला. पानांची संख्या मी निम्म्यावर आणली, दर वाढवून मागितला, आणि पुष्कळ वादानंतर थोडा वाढवून मिळाला. बोलून मजकूर उतरवण्याची सोय संगणकावर आहे; तिने साधी पत्रे बरी होतात, परंतु ‘कुलमुखत्यारपत्र’ तिला उमगत नाही, आणि भरल्या गाळ्यात एका भावाने दुसऱ्याला किती रकमेवर हक्क सोडला हे मोठ्याने उच्चारणे मला प्रशस्त वाटत नाही. शस्त्रक्रियेची तारीख मी तूर्त तहकूब ठेवली आहे. हा लेख मी तीन आठवड्यांत, रोज एक पान, पट्टा बांधून लिहिला.

पेठच्या त्या बाईला मी दोन्ही हातांचे दोन पट्टे घेऊन दिले होते. यंदाची छाटणी सुरू झाल्यावर एका रात्री उशिरा तिचा फोन आला. बागेतूनच बोलत होती. तिच्यामागे भांड्यांचा आवाज येत होता.

“ताई, हे पट्टे जीएच्या पाण्यात चालतात का?”

मी म्हणाले, नाही, भिजले की कातडी खराब होईल. बागेत नाही बांधता आले तर रात्री तरी बांध.

ती जरा थांबली. मग म्हणाली, “रात्री म्हणजे भांडी घासून झाल्यावर ना?”

“हो,” मी म्हणाले.